बिनमातीच्या झाडाला लाल्या

कडूबाला पानावरून रोग ओळखता येतो, ही गोष्ट जाफराबादच्या आसपासच्या दहा-बारा गावांना माहीत होती. ज्यांना माहीत नव्हती त्यांना तो स्वतःच सांगत असे. कपाशीचं पान हातात दिलं की तो ते आधी उजेडाकडे धरणार, मग उलटं करणार, मग अंगठ्यानं शीर चोळणार आणि मग असा काही थांबणार की समोरच्याचा जीव टांगणीला लागावा. त्यानंतर निकाल. तुडतुडे, दहिया, लाल्या. कृषी सेवा केंद्रवाला राजानंदसुद्धा अडला की गिऱ्हाइकाला म्हणायचा, "एकदा कडूबाभाऊला दाखवून या, मंग औषध देतो." दहापैकी नऊ वेळा कडूबा बरोबर निघायचा, आणि दहाव्या वेळी चुकला तर नावं ठेवायला पाऊस होताच.

अशा ह्या जाणत्या माणसाशी त्याची बायको दुर्गाबाई चार महिने बोलली नव्हती.

बोलली नव्हती म्हणजे आदळआपट नव्हती, रुसून माहेरी जाणं नव्हतं. स्वयंपाक वेळेवर व्हायचा, ताट वाढलं जायचं. फक्त "वाढलंय" हे ती दाराच्या चौकटीला सांगायची. शेतात उद्या किती बाया लागतील हे शेजारच्या दैवशालाला सांगायची आणि दैवशाला ते कडूबाला येऊन सांगायची. सुरुवातीला दैवशालाला वाटलं, चार दिवसांचं आहे, निभावून नेऊ. पुढं पुढं तीही कंटाळली. एकाच घरात दोन माणसं आणि मध्ये शेजारीण, हे काही बरं दिसत नव्हतं.

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कडूबाची एकुलती एक मुलगी आकांक्षा पुण्याला कंपनीत नोकरीला होती. तेवीस वर्षांची. दसऱ्याच्या आधी तिचा बापाला फोन आला, "दादा, ताप उतरून नाही राह्यला. अंग मोडून आलंय." कडूबानं फोनवर दोन प्रश्न विचारले आणि निकाल दिला. हवा बदलली, जागरण झालं, दुसरं काही नाही. अंगदुखीची गोळी घे, सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस पडून राहा. दुर्गाबाई म्हणाली, "मी जाते पुण्याला." तर हा म्हणाला, "कापूस फुटून पडलाय अन् तू तापासाठी पुण्याला चाललीस? तिला दवाखान्यातही धाडू नको, गेलं की भरतीच करून घेतेत." आकांक्षा बापाचं ऐकणारी पोर. तिनं चार दिवस गोळ्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि सातव्या दिवशी ती गेली. डेंग्यू होता. दोघं नवरा-बायको पुण्याला पोचले तेव्हा डॉक्टरनं कागदावरून मान वर न करता विचारलं होतं, "अंगदुखीच्या गोळ्या कुणी दिल्या हिला? ह्या तापात त्यांनी रक्तस्राव वाढतो." दुर्गाबाईनं तेव्हा नवऱ्याकडे एकदा पाहिलं. ते शेवटचं.

कडूबाला कुणी चारचौघांत बोललं असतं, शिवी दिली असती, तरी ते त्यानं सोसलं असतं. पण गावानं काही म्हटलं नाही आणि बायकोनं तर तोंडच शिवून घेतलं. तिनं फक्त एकदा आपल्याला "अहो" म्हणावं, एवढ्यासाठी हा माणूस आतून तुटत होता. वाईट वाटून घेणं त्याला जमत होतं. ते सांगणं जमत नव्हतं.

संक्रांतीच्या आधी आकांक्षाची ती मैत्रीण, प्रीती, एसटीनं आली. आकांक्षाची बॅग घेऊन आली होती. कपडे, पुस्तकं, चार्जर, आणि बुटांच्या खोक्यात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. कडूबा त्या पोरीसमोर यायला धजला नाही. तो ओट्यावर पाठ करून बसला आणि आतलं बोलणं तुटक तुटक ऐकत राहिला. त्या खोक्यातून लाकडाच्या ढलपीला तारेनं बांधलेलं एक झाड निघालं. मूठभरसुद्धा नव्हतं. करड्या-हिरव्या, चिंचोळ्या पात्यांचा झुबका, ना कुंडी ना माती.

"काकू, हे हवेवर जगतं," प्रीती सांगत होती. "आकांक्षानं हौसेनं आणलं होतं. मी जपलं इतके दिवस, पण मला वाटलं, तुमच्याकडे असावं."

मग तिनं रीत सांगितली. आठवड्यातून एकदा वाडग्यात पाणी घेऊन त्यात अर्धा तास बुडवायचं. बोअरचं पाणी नको, पिण्याच्या जारचं. मग झटकून उलटं टांगायचं, म्हणजे पात्यांच्या बुडाशी पाणी साचत नाही. साचलं तर गाभा सडतो. ऊन थेट नको, पण उजेड आणि वारा पाहिजे. दुसरं काही घालायचं नाही. दुर्गाबाईनं तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

त्या दिवसापासून दुर्गाबाईला काम मिळालं. न्हाणीकडच्या खिडकीच्या गजाला तिनं ते झाड तारेनं अडकवलं. आकांक्षा गुरुवारी पाणी द्यायची असं प्रीती म्हणाली होती, म्हणून गुरुवारच. सकाळी अंघोळ करून स्टीलच्या कटोऱ्यात जारचं पाणी घ्यायची, झाड अलगद सोडायची आणि अर्धा तास तिथंच पाटावर बसून राहायची. मग दोरीवर चिमट्यानं उलटं टांगायची, दर थोड्या वेळानं हात लावून पाहायची की सुकलं का. त्या पात्यांना तिच्या लेकीची बोटं लागली होती. घरात जिवंत असं तेवढंच होतं, ज्याला आकांक्षानं जपलं होतं. बाकी सगळ्या वस्तू होत्या.

बाया बघायला यायच्या. "बिनमातीचं? असं कसं गं जगतं?" दुर्गाबाई सांगायची, आणि सांगता सांगता तिचा आवाज मोकळा व्हायचा. ती दोन घास जास्त जेवू लागली. वेणी घालू लागली. एका गुरुवारी कडूबा न्हाणीकडून जाताना ती झाडाकडे बघत म्हणाली, "नवं पातं फुटलंय." चौकटीला नाही, त्यालाच म्हणाली असावी, कारण तिथं दुसरं कुणी नव्हतं. कडूबा गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बराच वेळ उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि म्हैस उगाच शेपूट मारत होती.

त्यानंतर दिवसाआड एखादं वाक्य येऊ लागलं. "पाण्याचा जार संपलाय." "दैवशालाची म्हैस व्याली." कडूबा ती वाक्यं दिवसभर जपून ठेवायचा. त्याच्या शेतकरी बुद्धीला बिनमातीचं झाड मुळीच पटत नव्हतं. मूळ नाही, खत नाही, त्याला काय झाड म्हणायचं. पण तो त्या झाडाला मनातल्या मनात हात जोडू लागला होता. ते जगेल तोवर आपलं घर जगेल, असा त्यानं सरळ हिशेब मांडला होता.

मार्चमध्ये एका सकाळी दुर्गाबाईनं हाक मारली.

"अहो."

कडूबाच्या हातातला चहा सांडला. तो उठून न्हाणीकडे गेला तेव्हा ती खिडकीशी उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"हे बघा की जरा. लाल व्हायलंय. कालपर्यंत असं नव्हतं. कशानं झालं असंल?"

झाडाची मधली पाती टोकापासून लाल झाली होती. तांबूस नाही, चांगली लालभडक. कडूबानं झाड उजेडाकडे धरलं. पातं उलटं करून पाहिलं. अंगठ्यानं चोळलं. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपण कोण आहोत ते आठवलं.

"लाल्या आहे," तो म्हणाला. "बिलकुल लाल्या. कपाशीवर येतो तोच. झाडाला अन्न मिळालं न्हाई की पान असंच लाल पडतं अन् मंग झाड बसतं. नुसत्या पाण्यावर किती दिवस काढंल ते? मॅग्नेशियम मारावं लागंल, संगं थोडी सूक्ष्म अन्नद्रव्यं. आठ दिवसांत हिरवं करून दाखवतो."

"न्हाई," दुर्गाबाई लगेच म्हणाली. "प्रीतीनं सांगितलंय, पाण्याबिगर काही घालायचं न्हाई. औषध मारू नका."

"अगं, पण मरंल ना."

"मारू नका म्हणते ना." मग हळू आवाजात, "तिला विचारा फोन करून. तुमच्याकडं आहे ना नंबर."

कडूबानं मान डोलावली. मोबाईलवर त्या लाल पात्यांचा फोटो काढला. रोगट पानांचे फोटो काढायची त्याला सवयच होती. पण फोटो त्यानं लगेच पाठवला नाही. ज्या पोरीनं आपल्या लेकीला रिक्षात घालून नेलं, तिला काय म्हणून विचारायचं? आणि जे आपल्याला दिसतंय ते पुण्याच्या पोरीला विचारायचं तरी कशाला? कपाशीत उभा जन्म गेला आपला.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. दुर्गाबाई दैवशालाबरोबर राजूरच्या गणपतीला निघाली. लेक गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. झाडासाठी काहीतरी बोलायचं होतं तिला गणपतीशी. जीपमध्ये बसण्याआधी ती परत फिरली आणि म्हणाली, "हात लावू नका त्याला. मी सांजंला येते, आल्यावर पाणी देते, गुरुवारच आहे." कडूबा म्हणाला, "न्हाई लावत."

जीप वळणाआड गेली. कडूबा दहा मिनिटं ओट्यावर बसला, मग न्हाणीकडे गेला. कालच्यापेक्षा लाली वाढली होती. गाभ्यापर्यंत उतरली होती. त्यानं डोळ्यांसमोर लाल्यानं बसलेली रानंच्या रानं पाहिली होती. अशी लाली गाभ्यात गेली की तीन-चार दिवस उरतात, मग पान गळतं. तिचं ऐकून आपण हातावर हात ठेवून बसलो आणि झाड मेलं तर? ती पुन्हा चौकटीशी बोलू लागेल. ह्या वेळी तर कायमची. पण आपण औषध मारलं, तिला न सांगता, आणि आठ दिवसांत पातं हिरवं झालं तर? तेव्हा सांगता येईल. तेव्हा ती म्हणेल, तुम्हाला कळतं.

हे त्याला फार हवं होतं. खोटं कशाला बोला, झाडापेक्षाही जास्त हवं होतं.

त्यानं कोठीतून पुड्या काढल्या. मॅग्नेशियम, सूक्ष्म अन्नद्रव्यं, चिमूटभर युरिया. फवारणीच्या पंपाची मात्रा त्याला तोंडपाठ होती. तांब्याभर पाण्याची मात्रा त्यानं अंदाजानं धरली, आणि रोग गाभ्यात गेला आहे म्हणून हात थोडा सढळ ठेवला. कपडे इस्त्री करायच्या फवाऱ्याच्या बाटलीत ते भरून त्यानं पात्यांवर मारलं, वरून मारलं, खालून मारलं, आणि गाभ्यात तर नीट धार सोडली. उन्हाशिवाय औषध अंगी लागत नाही असं त्याचं मत होतं, म्हणून झाड खिडकीतून काढून अंगणातल्या तारेवर सरळ टांगलं. दुपारचे बारा वाजले होते. दोन तासांनी पात्यांवर पांढरे डाग उठले, ते त्यानं ओल्या फडक्यानं हळूच पुसले आणि झाड होतं तसं खिडकीला अडकवून टाकलं. बाटलीही धुऊन ठेवली.

दुर्गाबाई दिवेलागणीला आली. दमली होती पण चेहरा निवळला होता. तिनं देवाचा अंगारा झाडाच्या ढलपीला लावला, कटोऱ्यात पाणी घेऊन झाड बुडवलं. दिवसभराच्या जीपच्या हेलकाव्यांनी तिची पाठ गेली होती. झाड काढून तिनं दोरीला चिमटा लावला खरा, पण उलटं लावलं की सरळ, हे तिला नंतर आठवेना. दर थोड्या वेळानं हात लावून पाहायचंही त्या दिवशी राहून गेलं. ती टेकली ती झोपलीच.

चौथ्या दिवशी पाती काळपट पडली. दुर्गाबाईनं हात लावला तर मधलं पातं अलगद हातात आलं. बुडाशी ओलसर, काळं. मग दुसरं आलं, मग तिसरं. ती कडूबाकडे बघून एकच म्हणाली, "गाभा सडला."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कडूबा शेतावर गेला, विहिरीपाशी बसला आणि शेवटी त्यानं तो लाल पात्यांचा फोटो प्रीतीला पाठवला. खाली लिहिलं, हे असं कशानं होते. झाड गेलंय हे लिहिलं नाही. कुठंतरी त्याला अजून वाटत होतं की ती पोर म्हणेल, काका, हा रोगच होता, कुणाच्याही हातून वाचलं नसतं.

तासाभरानं प्रीतीचा आवाजी निरोप आला. कडूबानं मोबाईल कानाला लावला.

"काका! अहो, हा रोग नाही. मी आत्ताच नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. ते लाल झालं म्हणजे आता त्याला फूल येणार. ह्या झाडाला आयुष्यात एकदाच येतं, जांभळं. आणि फुलानंतर त्याच्या बुडाशी पिल्लं फुटतात, दोन-तीन, ती वेगळी वाढवता येतात. आकांक्षा वर्षभर वाट बघत होती हो ह्याची. काकूंना सांगा ना. लगेच सांगा. आणि फुलाचा फोटो पाठवा मला."

कडूबानं तो निरोप पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकायला गेला आणि मध्येच बंद केला. विहिरीवरची मोटर चालू होती, पाणी बांध फोडून दुसऱ्याच वावरात चाललं होतं, आणि तो ते बघत बसला. उठून बांध घालावा असं त्याला वाटलं नाही. फुलाच्या रंगाला त्यानं औषध मारलं होतं. लेकीच्या तापाला जसा जाणत्याला विचारल्याशिवाय निकाल दिला, तसाच इथंही दिला होता. असा माणूस दुसऱ्यांदा कुणाला तोंड दाखवतो?

सांगायचं, असं ठरवूनच तो घरी आला. पायातल्या वहाणा काढतानाच सांगून टाकायचं, म्हणजे मध्ये काही येणार नाही.

दुर्गाबाईनं दोन ताटं वाढली होती. लेक गेल्यापासून ती त्याच्यासोबत बसली नव्हती. आज समोर बसली.

"बसा," ती म्हणाली.

कडूबा बसला. "अगं, मला जरा..."

"आधी मला बोलू द्या. मंग माझ्यानं न्हाई व्हायचं." ती ताटाकडे बघत होती. "राजूरहून आले त्या दिवशी मी ते उलटं न्हाई टांगलं. मला आठवंना, पण न्हाईच टांगलं. पाणी राह्यलं आत. प्रीतीनं तीनदा सांगितल्तं मला. तीनदा. अन् मी झोपून गेल्ते." तिनं पदरानं नाक पुसलं. "जिवापाड जपत होते ना मी? तरी माझ्याच हातून गेलं. मंग मला तुमचं आठवलं. तुम्ही काय पोरीचं वाईट व्हावं म्हणून गोळ्या सांगितल्या होत्या का? तुम्हाला कळलं न्हाई. मलाबी कळलं न्हाई. पाच-सहा महिने मी तुम्हाला जाळलं. आता न्हाई जाळायची."

ज्याच्यासाठी कडूबा इतके दिवस तडफडला होता ते समोर वाढून ठेवलं होतं. उचलायचा अवकाश. आणि ते खोट्याच्या जिवावर उभं होतं, हे फक्त त्याला माहीत होतं.

"प्रीतीला फोटो धाडला का हो? काय म्हणली ती?"

आता. आताच सांगायचं. कडूबानं खिशावर हात ठेवला. मोबाईल तिथंच होता, निरोप त्यात होता, एक बोट दाबलं की सगळं बाहेर आलं असतं, ते जांभळं फूल, ती पिल्लं, आणि त्याची धुतलेली बाटली. बायकोचे डोळे सुजलेले होते पण त्या डोळ्यांत त्याच्याबद्दल राग नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा अशी बघायची ती.

"म्हणली," तो बोलला, "असं लाल पडलं की न्हाई जगत ते. रोगच होता."

दुर्गाबाईनं खोल श्वास सोडला. मग हळूहळू मान हलवू लागली.

"म्हंजे तुम्ही बराबर होता," ती म्हणाली. "बघताक्षणी सांगितल्तं तुम्ही, लाल्या आहे म्हणून. औषध मारतो म्हणले, तर मीच आडवी आले. त्या दिवशी तुम्हाला मारू दिलं असतं तर वाचलं असतं ओ ते."

कडूबानं भाकरीचा तुकडा मोडला.

"आता इथून पुढं तुमचंच ऐकत जाईन," दुर्गाबाई म्हणाली, आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी घातली.